रणपदकाचा अधिकारी कोण? : बोर्ली पंचतन येथील एका पदकाच्या निमित्ताने

गेल्या वर्षावासात रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन येथे धम्मप्रवचनाच्या निमित्ताने आमचे जाणे झाले. प्रवचन आटोपून मंडळी पांगू लागली असता सत्तरी ओलांडलेल्या एका उपासिकेने आम्हांस थांबविले आणि रुमालात गुंडाळलेले एक गोल पदक आमच्या हाती ठेवले. "सर, हा आमच्या आज्यांचा कोरेगावचा बिल्ला. एक जानेवारीला माझे मुलगे स्तंभाला वंदन करायला जातात तेव्हा हा बरोबर नेतात. याच्यावर काय लिहिलंय ते एकदा नीट वाचून सांगा," असे त्या म्हणाल्या.

पदक तांबूस काळसर रंगाचे होते. दरवर्षी चिंच व राख लावून घासल्यामुळे त्यावरील आकृती पुसट झाल्या होत्या. एका बाजूस राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार. हा घोडेस्वार कोरेगावच्या लढाईतला, अशी घरातील सर्वांची समजूत होती. पदक तिरप्या उजेडात धरले तेव्हा घोडेस्वाराच्या दोन बाजूंस १९१४ आणि १९१८ हे अंक दिसले. कडेवर एक क्रमांक, 'कुली' हा शब्द, आज्यांचे नाव आणि पुढे 'लेबर कोअर' अशी इंग्रजी अक्षरे होती. ते पदक कोरेगावचे नव्हते. पहिल्या महायुद्धाचे 'ब्रिटिश वॉर मेडल' होते. आणि तेही शिपायास मिळणारे चांदीचे नसून मजुरास मिळणारे ब्राँझचे होते.

आम्ही हे सांगितले तेव्हा त्या क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग त्यांनी विचारले, "म्हणजे आमचे आजे पलटणीत शिपाई नव्हते?" आणि थोड्या वेळाने, "मग एक जानेवारीला हा न्यावा की नको?"

या दोन प्रश्नांचे उत्तर एका वाक्यात देणे आम्हांस उचित वाटले नाही. कोकणपट्टीतील अनेक बौद्ध घरांत अशी पदके आहेत आणि त्यांच्याविषयी अशाच समजुती आहेत. पदक कशासाठी देत, कोणास देत आणि कोणास देत नसत, हे समजल्याशिवाय त्या आजोबांचे स्थान समजणार नाही. सबब हा विषय येथे विस्ताराने मांडीत आहोत.

शौर्यपदक आणि मोहीमपदक

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. सैनिकी पदकांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. विशिष्ट पराक्रमाबद्दल व्यक्तीस मिळते ते शौर्यपदक. हिंदी शिपायांसाठी कंपनी सरकारने १८३७ साली 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा शौर्याचा सन्मान सुरू केला. व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च सन्मान मात्र हिंदी सैनिकांस १९११ पर्यंत मिळू शकत नव्हता. तोवर तो मिळविण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. मग त्यांनी कितीही पराक्रम केलेला असो.

दुसरा वर्ग मोहीमपदकांचा. हे पदक पराक्रमाचे नव्हे, उपस्थितीचे असते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक प्रदेशात, अमुक पथकाच्या हजेरीपटावर ज्याचे नाव होते तो त्या पदकाचा अधिकारी. तो आघाडीवर लढला की पिछाडीस पहाऱ्यावर होता, हे पाहिले जात नाही. सुटीच्या फितीवर जी आडवी धातूची पट्टी असते तिच्यावर लढाईचे वा मोहिमेचे नाव कोरलेले असते. म्हणून मोहीमपदक हा एका अर्थाने धातूवर उतरविलेला हजेरीपट होय. ज्यांच्या पूर्वजांची नावे पोथ्यांत, वंशावळीत वा दानपत्रांत कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांच्या दृष्टीने या हजेरीपटाचे मोल फार मोठे आहे.

कोरेगावचे पदक कोणास मिळाले?

१ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगाव येथे कॅप्टन स्टॉंटन याच्या हाताखालील मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनने दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याशी दिवसभर झुंज दिली, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. शिरूरहून रातोरात चालत आलेल्या त्या तुकडीत सुमारे ५०० पायदळ, अडीचशेच्या वर घोडेस्वार आणि दोन तोफांसह मद्रासचे थोडे गोलंदाज होते. विजयस्तंभाची पायाभरणी १८२१ साली झाली. त्यावरील मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे. तत्कालीन महार पुरुषांच्या नावांची ती खूण होय. १ जानेवारी १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जाऊन मानवंदना दिली ती याच नावांना.

परंतु त्या लढाईचे पदक १८१८ साली निघालेच नाही. पलटणीस 'ग्रेनेडिअर' हा मान मिळाला, स्तंभ उभा राहिला; शिपायाच्या छातीवर मात्र काही आले नाही. 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' या नावाचे पदक १८५१ साली मंजूर झाले. ते १७९९ ते १८२६ या कालखंडासाठी होते. एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचे मस्तक, दुसऱ्या बाजूस बसलेली विजयदेवता, आणि वर लढाईच्या नावाची पट्टी. या पट्ट्यांत खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर यांच्याप्रमाणेच कोरेगावचीही पट्टी होती.

या पदकाची अट मोठी बोलकी आहे. ते केवळ हयात असलेल्यांनाच मिळावयाचे होते. लढाईनंतर तेहतीस वर्षांनी जो जिवंत असेल आणि ज्याच्या वतीने मागणी दाखल होईल, त्याला पदक. म्हणजे स्तंभावर ज्यांची नावे कोरली आहेत त्यांच्यापैकी एकासही हे पदक मिळणे शक्य नव्हते. १८१८ साली वीस वर्षांचा असलेला शिपाई १८५१ साली त्रेपन्न वर्षांचा झालेला. दूरच्या खेड्यात राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या पेन्शनराच्या कानी ही वार्ता जावी, त्याने अर्ज करावा आणि कागदोपत्री ओळख पटवावी, तेव्हा ते पदक त्याच्या हाती पडे. म्हणून कोरेगावच्या पट्टीचे खरे पदक अत्यंत दुर्मीळ आहे. घरात पदक आहे म्हणून ते कोरेगावचेच, ही समजूत बहुधा चुकीची ठरते. आणि घरात पदक नाही म्हणून पूर्वज कोरेगावला नव्हते, ही समजूतही तितकीच चुकीची आहे.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. हे १८५१ चे पदक सेनापतीस आणि शिपायास एकाच धातूचे, म्हणजे चांदीचे होते. पूर्वी नेहमीच तशी रीत नव्हती. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या विजयाचे पदक हुद्द्यानुसार सोन्याचे, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे, चांदीचे, ब्राँझचे आणि कथलाचे असे पाच प्रकारांचे होते. साध्या शिपायाच्या वाट्यास कथील आले होते. पदकाची धातू हीच माणसाची पायरी सांगत असे. १८५१ च्या पदकात ही उतरंड नव्हती. पुढे ती निराळ्या रूपाने परत आली.

भरतीचे दार बंद झाले

मोहीमपदकाच्या नियमांत जातीचा उल्लेख कोठेही सापडत नाही. हजेरीपटावर नाव आहे की नाही, एवढाच प्रश्न. परंतु हजेरीपटावर नाव चढण्यासाठी आधी भरती व्हावी लागते. आणि जात उभी राहिली ती तेथे, भरतीच्या दाराशी.

मुंबईच्या सैन्यात अठराव्या शतकापासून महार शिपाई होते. कोकण हे त्या सैन्याच्या भरतीचे मोठे क्षेत्र. बोर्ली पंचतन हे गाव तेव्हा सिद्दी नबाबाच्या जंजिरा संस्थानात होते. तेथून दक्षिणेस, बाणकोटच्या खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यात आंबडवे. त्या गावचे मालोजी सकपाळ सैन्यात होते आणि त्यांचे पुत्र रामजी सुभेदारपदापर्यंत चढले. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर शिपायांची वस्ती होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही सैन्यातून निवृत्त झालेले. पलटणीत पगार होता, पेन्शन होते, आणि त्याहून मोलाचे म्हणजे शाळा होती. सुभेदार रामजी सकपाळ हे पलटणीच्या शाळेत शिक्षक होते, ही गोष्ट आपल्या साऱ्या चळवळीच्या उगमाशी निगडित आहे.

१८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती होता. काही जमाती जन्मतःच लढवय्या असतात आणि बाकीच्या नसतात, या तथाकथित 'लढाऊ जमातीं'च्या मताने त्याच्या कारकीर्दीत जोर धरला. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या नावांनी कोरेगावचा स्तंभ भरला होता, त्यांच्या नातवांना सांगण्यात आले की तुम्ही लढवय्ये नाही. वलंगकरांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला आणि १९१० साली जेजुरीला सभा भरवून सरकारकडे विनंत्या केल्या. दार उघडले नाही.

आता पदकाच्या दृष्टीने याचा अर्थ पाहा. भरती नाही म्हणजे हजेरीपटावर नाव नाही; आणि नाव नाही म्हणजे पुढच्या कोणत्याही मोहिमेचे शिपायाचे पदक नाही. पदकाचा एकही नियम न बदलता एका संपूर्ण समाजास पदकाच्या कक्षेबाहेर ठेवता आले.

चांदी आणि ब्राँझ

लष्कराबरोबर नेहमीच एक दुसरे लष्कर चालत असते. ओझी वाहणारे, खेचरे हाकणारे, डोल्या उचलणारे, पाणी भरणारे, रस्ते खोदणारे आणि सफाई करणारे. सरकारी दप्तरात त्यांस 'फॉलोअर' म्हणत. १८८५-८७ च्या ब्रह्मदेशच्या मोहिमेपासून हिंदुस्थानातील मोहीमपदकाचे दोन प्रकार निघू लागले : शिपायास चांदीचे आणि फॉलोअरास ब्राँझचे. नक्षी तीच, फीत तीच, धातू वेगळी. १९०३-०४ च्या तिबेट मोहिमेतही कुली पथकांस ब्राँझचेच पदक मिळाले.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १४ लाख लोकांची भरती झाली. त्यांपैकी ५ लाखांहून अधिक बिनलढाऊ कामांसाठी होते. फ्रान्समध्ये, मेसोपोटेमियात, पूर्व आफ्रिकेत बंदरावरची मालउतार, रेल्वेचे रुळ, रस्ते आणि इस्पितळे यांची कामे या लोकांनी केली. १९१९ साली मंजूर झालेले 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीत सुमारे ६५ लाख निघाले; ब्राँझमध्ये सुमारे १ लाख १० हजार. ही ब्राँझची पदके मुख्यतः चिनी, हिंदी व माल्टाच्या मजूर पथकांस मिळाली. बोर्लीच्या उपासिकेच्या घरातील पदक त्यांपैकी एक होय.

महायुद्धात मनुष्यबळ कमी पडू लागले तेव्हा सरकारने १९१७ साली मुंबईस '१११ वी महार' ही पलटण उभारली. गरज संपताच ती १९२० साली ७१ व्या पंजाबी पलटणीत मिळविली आणि १९२१ साली मोडून टाकली. म्हणजे १८९३ ते १९१७ या चोवीस वर्षांत वयात आलेल्या महार तरुणास सैन्यात शिपाई म्हणून जाण्याचा मार्ग जवळजवळ नव्हताच. त्याला मोकळा होता तो मजुराचा. अशा काळात ज्याच्या बापाने वा आज्याने चांदीचे पदक मिळविले असते, त्याच्या हाती ब्राँझचे पडले. त्याच्या अंगच्या गुणांत काही उणे आले म्हणून हे घडले नाही. दार बंद होते म्हणून घडले.

पहिल्या गोलमेज परिषदेत नोव्हेंबर १९३० मध्ये बाबासाहेबांनी इंग्रज सरकारला हाच जाब विचारला. इंग्रजांपूर्वी आम्हांस सैन्यात आणि पोलिसांत प्रवेश नव्हता असे म्हणता, तर आज तरी तो आहे काय, असा त्यांच्या प्रश्नाचा रोख होता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी झाली, तीत बाबासाहेबांच्या प्रयत्नांचा वाटा मोठा आहे. तिची दुसरी बटालियन पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली.

पसेनदी राजाचे उत्तर

येथे वाचक विचारतील की, बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकात युद्धपदकांची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. तथागतांनी युद्धाचा गौरव केलेला नाही. संयुत्तनिकायातील योधाजीव सुत्तात एक सेनानी भगवंतांना विचारतो की, रणांगणी मरणारा योद्धा स्वर्गास जातो असे आमचे आचार्य सांगतात, ते खरे काय? भगवंत दोनदा त्यास हा प्रश्न विचारू नको म्हणतात आणि तिसऱ्यांदा ती समजूत खोटी असल्याचे स्पष्ट सांगतात. तेव्हा कोरेगाव असो वा ब्रह्मदेश, तेथील हिंसेचे उदात्तीकरण हा आमचा हेतू नाही आणि नसावा.

तथापि त्याच संयुत्तनिकायात, कोसलसंयुत्तात, इस्सत्थ सुत्त आहे. इस्सत्थ म्हणजे धनुर्विद्या. पसेनदी कोसल राजा भगवंतांना विचारतो की, दान कोणास द्यावे आणि कोणास दिले असता ते महाफलदायी होते? भगवंत उत्तरादाखल त्याला त्याच्याच व्यवहारातील प्रश्न करतात. समजा, युद्ध उभे राहिले आहे आणि एक क्षत्रिय तरुण आला. त्याने शिक्षण घेतलेले नाही, सराव केलेला नाही, तो भित्रा आहे. अशा माणसास तू ठेवून घेशील काय? राजा म्हणतो, नाही. ब्राह्मण, वैश्य, शूद्र तरुण तसाच असेल तर? तरीही नाही. आणि चारींपैकी कोणत्याही वर्णाचा तरुण शिकलेला, सराव केलेला, न डगमगणारा असेल तर? राजा म्हणतो, त्यास मी ठेवून घेईन. त्याचप्रमाणे, भगवंत सांगतात, कोणत्याही कुळातून गृहत्याग करून आलेला जो शीलसंपन्न आहे, तोच दानास पात्र होय.

दृष्टांत दानाचा आहे. परंतु तो उभा आहे भरतीच्या दाराशी. अधिकार जन्माने ठरतो की गुणाने, हा प्रश्न भगवंतांनी राजास सैन्यभरतीच्या भाषेत विचारला, कारण तेथे राजाला खोटे बोलणे परवडणारे नव्हते. जन्म पाहून धनुर्धारी निवडला तर युद्ध हरावे लागते. पसेनदी राजाला जे उमगले होते, ते लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळातील सेनाधिकाऱ्यांनी नाकारले. गुण पाहावयाचे सोडून त्यांनी कूळ पाहिले. म्हणून पदकाच्या अधिकाराची चर्चा ही आमच्या मते धम्माबाहेरची चर्चा नाही. वासेट्ठ सुत्त आणि वसल सुत्त जे सांगतात, त्याचाच हा आधुनिक काळातील दाखला आहे.

घरातील पदक कसे वाचावे?

ज्यांच्या घरी जुनी पदके आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी येथे देतो. पदकाचा खरा मजकूर पुष्कळदा चित्रात नसून कडेवर असतो. क्रमांक, हुद्दा, नाव व पथक ही तेथे कोरलेली वा ठोकलेली असतात. भिंग घेऊन तिरप्या प्रकाशात एकेक अक्षर उतरवून घ्यावे; अंदाजाने पुरे करू नये. 'नाक' हा प्रत्यय इंग्रजीत निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेला आढळतो, हे ध्यानी ठेवावे.

केवळ धातू पाहून निष्कर्ष काढू नये. पहिल्या महायुद्धाचे '१९१४-१५ स्टार' आणि पंखधारी विजयदेवतेचे 'व्हिक्टरी मेडल' ही दोन्ही सर्वांसाठी ब्राँझचीच होती; चांदी-ब्राँझचा भेद आहे तो 'ब्रिटिश वॉर मेडल'मध्ये. दुसऱ्या महायुद्धाचे षट्कोनी तारेही अधिकारी व शिपाई यांस एकाच धातूचे होते. त्यांपैकी 'बर्मा स्टार' हा ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सेवा केलेल्यास मिळे. 'वॉर मेडल' हे २८ दिवसांच्या पूर्णवेळ सेवेवर, तर 'इंडिया सर्व्हिस मेडल' हे हिंदी सैन्यातील तीन वर्षांच्या सेवेवर मिळत असे. पदकांचा संच पाहिला की त्या माणसाचा प्रवास बऱ्याच अंशी उलगडतो.

पदक चिंच, राख वा पावडर लावून घासू नये. प्रत्येक घासणीबरोबर कडेवरची अक्षरे झिजतात, आणि ती गेली की पदक मुके होते. फीत जीर्ण झाली तरी टाकू नये. भंगारात वा मोडीत तर कदापि देऊ नये. कडेवरील मजकूर कागदावर लिहून पदकाबरोबर ठेवावा व त्याची एक प्रत गावच्या विहारात द्यावी.

बोर्लीच्या प्रश्नाचे उत्तर

आम्ही त्या उपासिकेस जे सांगितले ते असे. तुमचे आजे कोरेगावला नव्हते; त्यांचा काळच निराळा. ते शिपाई नव्हते, कारण त्यांच्या तरुणपणी आपल्या माणसांना शिपाई होऊ दिले जात नव्हते. तरीही समुद्र ओलांडून वा दूर देशी जाऊन त्यांनी काम केले, आणि ज्या सरकारने त्यांच्या समाजास नालायक ठरविले होते त्याच सरकारला त्यांचे नाव धातूवर ठोकावे लागले. त्यांच्या पाठीवर लाखो शिपायांचे लष्कर चालले होते. 'कुली' हा शब्द वाचून लाज वाटावयाची असेल तर ती त्यांना नव्हे, ज्यांनी दार बंद केले त्यांना वाटली पाहिजे.

एक जानेवारीला पदक अवश्य न्यावे. मात्र कोरेगावचे म्हणून नव्हे, १९१४-१८ चे म्हणून न्यावे. आणि कोणी विचारले तर चांदीऐवजी ब्राँझ का, हे सांगावे. आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगण्यासाठी त्यांच्या नावे दुसऱ्यांचा पराक्रम लावण्याची गरज नाही. ज्या धम्मात 'मुसावादा वेरमणी' हे शील आपण रोज घेतो, त्या धम्माच्या उपासकांनी आपला इतिहासही त्याच शीलाने जपला पाहिजे. खोटा दाखला विरोधक एका क्षणात उडवून लावतो, आणि त्याबरोबर खरे दाखलेही संशयित होतात.

त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग नातीकडून वही मागविली आणि कडेवर जे आहे ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या, असे सांगितले. आम्ही क्रमांक, हुद्दा, नाव व पथक असे चारही भाग लिहून दिले. 'कुली' हा शब्द गाळू का, असे नातीने विचारले. आजी म्हणाल्या, "नको गाळू. तोच तर त्यांनी लिहिलाय." तो कागद आता त्या पदकासोबत त्याच रुमालात आहे.